भेटीला जाणारी वेगळी, मोजायला जाणारी वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक छोटी संस्था सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आणि दिंडोरी तालुक्यातल्या काही गावांत तीन वर्षं गृहभेटी करते आहे. गरोदर बाया आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या आया यांच्या घरी पंधरा दिवसांनी एक ताई जाते. लेकरांना मारहाण होऊ नये, त्यांची हेळसांड होऊ नये, हा हेतू. आता निधी देणारी कंपनी म्हणते, अत्याचार कमी झाल्याचा पुरावा द्या. संस्थेच्या रजिस्टरात १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर किंवा बाल कल्याण समितीकडे गेलेली प्रकरणं पहिल्या वर्षी दोन होती, तिसऱ्या वर्षी नऊ. समन्वयक ताई विचारतात, आमचं काम फसलं का? आणि सर्व्हे करायचा तर कसा करायचा?

मी परिचारिका म्हणून कामाला सुरुवात केली आणि गेली वीसेक वर्षं अशा कार्यक्रमांचं मूल्यमापन करते आहे. त्यातली बरीच वर्षं याच जिल्ह्यात गेली. उत्तर लांबणार आहे, कारण यातली एक पायरी चुकली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आधी पहिला प्रश्न. दोनाची नऊ झाली म्हणून काम फसलं असं होत नाही. आणि ते साधलं असंही त्यावरून ठरत नाही. तो आकडा तुमच्या कामाचं माप म्हणून चालणारच नाही, हे कंपनीला आत्ताच आणि लेखी कळवा.

कारण साधं आहे. ज्या घरात पंधरा दिवसांनी एक बाई येऊन बसते, बाळाला मांडीवर घेते, आईशी बोलते, त्या घरातलं तिला दिसतं. शेजारच्या खोलीत कुणी जात नाही, तिथलं कुणाला कळत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तुमच्या ताया अनुभवी झाल्या, आया मोकळेपणाने बोलू लागल्या, वस्तीतले लोकही निरोप द्यायला लागले. प्रकरणं वाढली ती यामुळे असू शकतात.

हा पेच जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७८ च्या सुमारास डेव्हिड ओल्ड्स यांनी ४०० पहिलटकरणींना घेऊन अभ्यास सुरू केला. कुणाकडे परिचारिका जाणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं होतं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत भेटी चालल्या. भेटी संपल्यानंतरच्या दोन वर्षांत सरकारदरबारी नोंदलेल्या प्रकरणांत दोन गटांत फरक दिसेना. मग संशोधकांनी नोंद झालेल्या मुलांकडेच बारकाईने पाहिलं. भेटी मिळालेल्या घरांतल्या मुलांना इजा कमी झाल्या होत्या, घरातले धोकेही कमी होते. म्हणजे त्या घरांतली सौम्य प्रकरणंसुद्धा वेळेत नजरेला आली होती. दुसऱ्या गटात नोंद होईपर्यंत पाणी बरंच वाहून गेलेलं असे. मुलं १५ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं. १९९७ साली छापलेल्या त्या निष्कर्षात भेटी मिळालेल्या आयांच्या नावावर सरासरी ०.२९ सिद्ध नोंदी होत्या, न मिळालेल्यांच्या नावावर ०.५४. तिसऱ्या-चौथ्या वर्षी न दिसलेला फरक पंधराव्या वर्षी दिसला.

तिथे तक्रार नोंदवण्याची व्यवस्था तरी घट्ट आहे. डॉक्टर कळवतात, शाळा कळवते, तपासनीस घरी येतो. आपल्याकडे तीन वर्षांखालचं मूल बाल कल्याण समितीपुढे येतं ते, माझ्या अनुभवात, बहुधा टाकून दिलेलं, सोपवलेलं नाहीतर हरवलेलं. घरात रोज मार खाणारं दीड वर्षांचं पोर त्या टेबलापर्यंत पोचत नाही. त्यामुळे आपल्या नोंदींवरून घरातलं चित्र काढणं म्हणजे पोलीस ठाण्याच्या डायरीवरून गावातली भांडणं मोजणं.

दुसरी अडचण हिशोबाची. समजा शंभर घरांतून चार घरांची गंभीर प्रकरणं नोंदली जातात आणि तुमच्या कामाने ती दोनवर आली. फारच मोठं यश. पण हा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोकपणे म्हणायला प्रत्येक गटात साधारण ११४० कुटुंबं लागतात. तुमच्याकडे एकूण चारशे असतील. याउलट जी गोष्ट शंभरातल्या साठ घरांत घडते ती पंचेचाळीसवर आली, तर तो फरक पकडायला प्रत्येक गटात १७० कुटुंबं पुरतात. आणि लहान मुलांना मारणं ही आपल्याकडे साठ घरांतली गोष्ट आहे, चार घरांतली नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, तेव्हा तीनपैकी दोघांनी शारीरिक मार सांगितला. तेव्हा प्रकरणं मोजू नका. घरात रोज काय घडतं ते मोजा.

इथे मला गडचिरोली आठवते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांसाठी गृहभेटी केल्या आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. आशाताईच्या घरभेटी पुढे देशभर सुरू झाल्या त्याच्या मुळाशी हे काम आहे. महाराष्ट्रातल्या कुणाही कार्यकर्त्याला हा अभ्यास माहीत असतो, आणि म्हणूनच देणगीदारांना वाटतं की तुम्हीही तसाच टक्का काढून द्याल. पण तिथे मृत्यू मोजायचा होता. मृत्यू लपत नाही, त्याला दोन अर्थ नसतात, आणि भेट देणारी बाई गोड बोलते म्हणून कुणी मेलेलं मूल जिवंत सांगत नाही. आपल्याला मोजायचं आहे ते दार लावून घडणारं, लाजेचं, आणि अनेकदा करणाऱ्याला चूकही न वाटणारं. त्यामुळे आपली मेहनत मोजमापाच्या शब्दांवर आणि मोजणाऱ्या माणसावर जास्त करावी लागते.

शब्दांचं सांगते. पिंपळगावच्या पुढे एका मळ्यातल्या मजूरवस्तीवर आम्ही प्रश्नावली तपासून पाहत होतो. दुपारचे साडेतीन. बाई नुकतीच बागेतून आली होती, डिपिंगचं, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवायचं काम चालू होतं, बोटं अजून ओली. आमच्या मुलीनं छापील प्रश्न वाचला, “गेल्या महिनाभरात तुम्ही आपल्या मुलाला मारहाण केली का?” बाई म्हणाली, “नाही वं ताई, लेकराला कशाला मारीन?” मुलीनं ‘नाही’वर खूण केली. तेवढ्यात दोन-अडीच वर्षांचं पोर पाण्याच्या टिपेकडे, म्हणजे पिंपाकडे निघालं. बाईनं बसल्या जागेवरून हात लांबवला, पाठीत एक धपाटा घातला, ओढून मांडीवर घेतलं, आणि पुढचा प्रश्न काय म्हणून आमच्याकडे पाहू लागली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मारहाण म्हणजे दारू पिऊन नवरा करतो ती. धपाटा म्हणजे वळण लावणं. त्या दिवशी आम्ही प्रश्नावली गुंडाळली आणि चार दिवस नुसत्या आयांशी बोललो, पोर ऐकत नाही तेव्हा तुम्ही काय काय करता म्हणून. त्यांनीच शब्द दिले. चापट, टपली, धपाटा, चिमटा, कान पिळणं, लाटणं उगारणं, लाटण्यानं मारणं, चटका द्यायची भीती घालणं, खरंच चटका देणं, अंधारात कोंडणं, बुवाला देऊन टाकीन म्हणणं, जेवण न देणं, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत रडणं थांबेना म्हणून गदागदा हलवणं. हे शेवटचं विसरू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला असं हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि कित्येक आया-बापांना ते मारण्यापेक्षा बरं वाटतं.

मरे स्ट्रॉस यांनी पालक-मुलांसाठी केलेली प्रश्नमालिका जगभर वापरतात, तिचीही रीत हीच आहे. कृत्य विचारायचं, त्याला नाव द्यायचं नाही. ‘अत्याचार’, ‘छळ’, ‘मारहाण’ हे शब्द प्रश्नात नकोत. सुरुवात चांगल्या गोष्टींनी करायची. पोर हट्टाला पेटलं तेव्हा दुसरं काही हातात दिलं का, उचलून बाहेर नेलं का, समजावलं का? मग हळूहळू पुढे. आणि ‘कधी’ असं विचारू नका, ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा’ असं विचारा. महिन्याचं कुणाला आठवत नाही. बोलीचंही भान ठेवा. दिंडोरीच्या गावठाणात चाललेला शब्द सुरगाण्याहून आलेल्या कोकणा आदिवासी बाईला कळेलच असं नाही, आणि उद्या तुम्ही कळवण-सटाण्याकडे गेलात तर अहिराणीत पुन्हा सगळं बोलून पाहावं लागेल.

एक वेगळा रकाना बिब्ब्याच्या डागांसाठी ठेवा. पोट दुखतं, बाळ दचकतं म्हणून आजी डाग देते. त्यानं बाळाला इजा होते, नोंद हवीच. पण ते रागाच्या भरात दिलेल्या चटक्यात मिसळलं तर तुमचा आकडाही बिघडेल आणि त्या आजीशी कसं बोलायचं हेही चुकेल.

हेळसांड मोजणं याहून अवघड. आठ वर्षांची बहीण दहा महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते. प्रश्नावली तिथे ‘हेळसांड’ म्हणते. आईला विचाराल तर ती म्हणेल, रोज बुडवला तर संध्याकाळी चूल कशावर पेटवू? या घराला पाळणाघर मिळालं तर तिसऱ्या दिवशी ‘हेळसांड’ संपते. म्हणून मी मोठं माणूस जवळ नसलेले तास मोजते, कारण मोजते आणि निवाडा करत नाही. शिवाय डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी पाहते. चूल किंवा स्टोव्ह जमिनीवर आहे का आणि त्याला आडोसा आहे का. पाण्याची टीप उघडी आहे का. आणि मळ्यातल्या घरांत फवारणीच्या औषधाची बाटली कुठे ठेवली आहे. ही शेवटची बाब आम्ही द्राक्षपट्ट्यासाठी मुद्दाम घातली. बाटली दाराच्या कोपऱ्यात आहे की वर फळीवर, हे विचारावं लागत नाही, दिसतं, आणि त्यावर आईच्या लाजेचा परिणाम होत नाही. गृहभेटींचा गुण घरातल्या धोक्यांवर अनेक अभ्यासांत दिसला आहे, तेव्हा हे दुय्यम माप समजू नका.

आता मोजणाऱ्या माणसाचं. या संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. भेटीला जाणाऱ्या ताईनं सर्व्हे करायचा नाही. कितीही प्रामाणिक असली तरी नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. एका प्रकल्पात पैसे कमी होते म्हणून मी ताईंनाच फॉर्म दिले. दोन वर्षांत चापट-धपाट्याचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलेलं दिसलं. अहवाल गेला, कौतुक झालं. नंतर दुसऱ्या एका कामासाठी दुसऱ्या तालुक्यातल्या मुली त्याच वस्तीत गेल्या, तेच प्रश्न विचारले, आणि आकडा जवळजवळ जुन्या जागी होता. आया ताईला दुखवू इच्छित नव्हत्या. जी बाई दोन वर्षं ‘मारू नका’ म्हणून सांगत घरी येते, बाळाच्या तापात रात्री रिक्षा करून देते, तिला ‘काल मारलं’ असं कोण सांगेल? मी त्या अहवालाची दुरुस्ती लेखी कळवली. ते पत्र लिहिताना मला ज्या यातना झाल्या त्या तुम्हाला होऊ नयेत.

तेव्हा बाहेरच्या मुली घ्या. समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थिनी चालतील, पण त्या वस्तीतल्या नकोत. कुठल्या घरात भेटी झाल्या आणि कुठल्या नाही हे त्यांना सांगू नका. भेटीच्या वेळी ताई वाटते ते खेळणं, भिंतीवरचा तक्ता यावरून त्यांना कळेल, तर शक्य तितकं टाळा. आणि दर दहातल्या एका घरी दुसरी व्यक्ती पुन्हा जाऊन दोन-तीन प्रश्न पडताळू दे.

तुलनेचा गट हवाच. नुसतं आधी-नंतर मोजून काहीही सिद्ध होत नाही. मूल सहा महिन्यांचं असतं तेव्हा त्याला फारसं कुणी मारत नाही, दोन वर्षांचं झालं की मारतात. म्हणजे तुमचं काम उत्तम झालं तरी आकडा वाढणार. तुलनेला ज्या गावांनी तुम्हाला नको म्हटलं ती घेऊ नका. जिथल्या सरपंचांनी बोलावून घेतलं ती गावं आधीच वेगळी असतात.

गेलेली तीन वर्षं आता हातात नाहीत. त्यांच्यासाठी तुलनेचा गट मागाहून उभा करता येणार नाही. पण नव्या टप्प्यात तुम्ही वीस अंगणवाड्यांत जाणार असाल तर दहांत यंदा, दहांत पुढच्या वर्षी जा, आणि आधी कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढा. आपल्या लोकांना ही रीत माहीत आहे, आरक्षणाची सोडत अशीच निघते, आणि कुणी रुसत नाही. अमेरिकेत डरहॅममध्ये २००९-१० साली याहून सोपं केलं होतं. सम तारखेला जन्मलेल्या बाळाच्या घरी परिचारिका गेली, विषम तारखेच्या नाही. तिथे ते जमलं, आपल्याकडे नको. एका नळावर पाणी भरणाऱ्या दोन जावांपैकी एकीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत दुसरीला कळतं. कळावंच. म्हणून चिठ्ठी अख्ख्या वस्तीची काढा. त्याची किंमत अशी की एका वस्तीतली घरं एकमेकींसारखी असतात, त्यामुळे वर सांगितलेले १७० प्रत्यक्षात २३०-२४० पर्यंत जातात. हा हिशोब एखाद्या संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडून तुमच्या आकड्यांवर करून घ्या.

तुलनेच्या वस्तीत काहीच होत नाही असं मात्र समजू नका. आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ४२ दिवसांत सहा वेळा जाते, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. तुमच्या भेटी त्यांच्या जोडीला आहेत. इंग्लंडमध्ये परिचारिकांच्या गृहभेटींची सोळाशेहून अधिक तरुण पहिलटकरणींवर चाचणी झाली, २०१५ साली निष्कर्ष आले, आणि जे मुख्य परिणाम तपासायचे ठरले होते त्यांत काहीच फरक निघाला नाही. तिथे सगळ्याच आयांना आधीपासून चांगली सेवा मिळत होती, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. म्हणून तुलनेच्या वस्तीत आशाताईच्या किती भेटी झाल्या तेही लिहून ठेवा.

नाशिकच्या बाबतीत दोन गोष्टी बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

पहिली म्हणजे हंगाम. पेठ-सुरगाण्याची माणसं खरिपाचं भात उरकलं की दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग तोडणी. श्रावणात बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा सर्व्हे केला तर आई घरी, आजी घरी, पाऊस पडतोय, लेकरं अंगाखाली. तोडणीच्या दिवसांत एंडलाइन, म्हणजे शेवटचा सर्व्हे केला तर आई पहाटेपासून बागेत, पोर बहिणीच्या कडेवर, सगळी दमलेली, चिडलेली. तुम्ही ऋतू मोजाल आणि कार्यक्रमाचा परिणाम म्हणून लिहाल. दोन्ही सर्व्हे एकाच महिन्यात करा, आणि दोन्ही गटांत एकाच आठवड्यात. कुटुंब सापडावं म्हणून तीन नंबर घ्या, बाईचा, मुकादमाचा आणि मूळ गावातल्या एखाद्या नातेवाइकाचा.

दुसरी म्हणजे माहेर. गृहभेटींचे गाजलेले कार्यक्रम पहिलटकरणीला गरोदरपणातच गाठतात, आणि तेच योग्य आहे. आपली पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते आणि बाळ सव्वा महिन्याचं, कधी तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. म्हणजे सगळ्यात नाजूक आठवडे तुमच्या ताईच्या हद्दीबाहेर जातात. रजिस्टरात ‘घरी नाही’ असा शेरा पडतो. मूल्यमापनात हे लपवायचं नाही. नोंदणीच्या दिवशी दोन पत्ते लिहायचे, सासरचा आणि माहेरचा. माहेर जिल्ह्यात असेल तर तिथे एक तरी भेट, नसेल तर फोन. आणि हिशोब करताना ती बाई तिच्या मूळ वस्तीच्याच गटात धरायची, भेट मिळाली असो वा नसो.

हे शेवटचं सगळ्यांना लागू आहे. अर्ध्यात सोडून गेलेली कुटुंबं वगळून आकडे काढायचा मोह होतो. पण सोडून जातात त्या घरांत अनेकदा दारू असते, भांडण असतं, नवऱ्याला ताई नको असते. ती गळली की उरलेली घरं आपोआप छान दिसतात. ज्यांची चिठ्ठी निघाली ते सगळे हिशोबात, एक भेट झालेलेसुद्धा.

घरातल्या भांडणाचं निघालंच आहे तर सांगते. नवरा बायकोला मारत असेल तर आईला दिलेला सल्ला बाळापर्यंत पोचत नाही. एल्मायरातसुद्धा ज्या घरांत आईवर वारंवार हिंसा होत होती तिथे भेटींचा गुण दिसला नाही. हवाईमध्ये १९९० च्या दशकात चिठ्ठीनिशी झालेल्या चाचणीत बालछळ जवळजवळ कमी झालाच नाही, आणि त्याचं एक कारण असं निघालं की ताया आईचं नैराश्य, घरातली हिंसा आणि नशा ओळखतच नव्हत्या किंवा ओळखून बोलत नव्हत्या. तेव्हा आईवरची हिंसा आणि तिची मनःस्थिती या दोन्ही गोष्टी तुमच्या सर्व्हेत असू द्या. बाळंतपणानंतरच्या उदासीनतेसाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली पुरते. विचारताना बाई एकटी हवी. सासू उंबऱ्यात उभी असेल तर तो भाग सोडा आणि पुन्हा या. एका घरातून एकीलाच विचारा. आणि बापालाही विचारा, वेगळं, शक्यतो पुरुष कार्यकर्त्यानं. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच सर्व्हेंत बाप नसतोच, जणू मूल फक्त आईच मारते.

सर्व्हेत काही भयंकर सापडलं तर काय, हे पहिल्या फॉर्मच्या आधी ठरवा. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं गुन्हा आहे. तेव्हा संमती घेताना ‘तुमचं नाव कुणालाच कळणार नाही’ असं म्हणू नका. ‘मुलाच्या जिवाला धोका दिसला तर आम्हाला सांगावं लागेल’ हे आधी, सोप्या मराठीत सांगा. त्यामुळे थोडी उत्तरं दबतील. दबू देत. सर्व्हे करणाऱ्या मुलींकडे एका जबाबदार व्यक्तीचा फोन असावा, जी त्याच दिवशी निर्णय घेईल. विशीतल्या मुलीला असलं ऐकून रात्री एकटं झोपावं लागू नये. रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा.

कंपनीला काय सांगायचं? खरं ते सांगा. गृहभेटींनी मुलांचा छळ थांबतो याचा पुरावा जगात संमिश्र आहे. नेदरलँड्समध्ये परिचारिकांच्या भेटी मिळालेल्या गटात ११ टक्के मुलांच्या नोंदी झाल्या, दुसऱ्या गटात १९ टक्के. डेन्व्हरमध्ये परिचारिकांऐवजी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्या पाठवल्या तर गुण साधारण निम्मा आला. अमेरिकेत २०१९ साली १२ राज्यांतल्या ४,२०० हून अधिक कुटुंबांचा मोठा अभ्यास आला, परिणाम होते पण लहान. तिथल्या प्रतिबंधात्मक सेवांच्या तज्ज्ञ मंडळानं २०१८ साली आणि पुन्हा २०२४ साली, पुरावा अजून अपुरा आहे, असंच म्हटलं. हे सगळं लपवून जो पन्नास टक्के घट दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असंही सांगा. याउलट, दोन वर्षांत चटका, काठी, कोंडणं, हलवणं यांत घट, घरातले धोके कमी, आईची उदासीनता वेळेत ओळखली जाणं, यातलं एक-दोन जरी तुलनेच्या वस्तीपेक्षा नक्की पुढे दिसलं तरी ते मोठं काम आहे, हे मला मनापासून वाटतं. आणि प्रत्येक भेटीचा खर्च, ताईच्या मानधनासह, आत्तापासून लिहायला लागा. हा प्रश्न पुढच्या बैठकीत येणारच आहे.

सर्व्हेची तयारी दिवाळीनंतर करा. त्याआधी या आठवड्यात ते नऊ कागद बाहेर काढा, आधीच्या वर्षांचेही. प्रत्येकावर लिहा, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, ताईच्या, शेजाऱ्यांच्या की दवाखान्याच्या. लक्षात आलं तेव्हा किती बिघडलं होतं. त्याआधी त्या घरात किती भेटी झाल्या होत्या. आणि ते मूल आज कुठे आहे, कसं आहे. शेवटचा रकाना कुठल्याही कागदावर रिकामा राहिला, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून उद्या सकाळी त्या घरी जा.